मान हलते ना, मग बस झालं

राजेहो, हेड ट्रॅकिंग, म्हणजे डोक्याच्या हालचालीवर यंत्र चालवणं, म्हटलं का लोकायले गेमच आठवते. विमानाचा गेम खेळणारे पोट्टे डोक्यावर क्लिप लावतात, मान वळवली का स्क्रीनवरचं कॉकपिट वळते. अपाची या लढाऊ हेलिकॉप्टरात तर पायलट जिकडं पाहीन तिकडं तोफ फिरते. आयव्हन सदरलँड या अमेरिकन संगणक शास्त्रज्ञानं १९६८ मध्येच डोक्याची हालचाल पकडणारं यंत्र केलं होतं, एवढं जड का छताले टांगावं लागे! पण मले विचाराल तर याचा खरा उपयोग आमच्या आत्याच्या ओसरीत, खाटेवर आहे.

आतेभाऊ विहिरीतली मोटर काढताना दोर तुटून पडला, चार वर्सं झाली. मानेखाली काहीच हलत नाई, मान मात्र शाबूत. अपंगांच्या शिबिरात त्याले काय भेटलं माहीत आहे? हातानं चालवायची तीनचाकी सायकल! हात हलत नाई त्या माणसाले. गोठ्यात उभी आहे ती, कोंबड्या बसतात.

दिवाळीत मी त्याच्यासाठी जुन्या लॅपटॉपवर ईव्हायाकॅम (eViacam) नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, फुकट आहे, साधा वेबकॅम चालते. कॅमेरा चेहरा धरून ठेवते, डोकं डावीकडं गेलं का माऊसचा बाण डावीकडं, आन बाण एका जागी थांबला का आपोआप क्लिक. इथंच घोळ झाला ना बाप्पा, भाऊ बातमी वाचाले थांबला का क्लिक, जाहिरातीवर क्लिक, वाचता वाचता आठ खिडक्या उघडल्या, थो मलेच शिव्या देते. मंग थांबायचा वेळ वाढवला तवा जमलं. दुसरी भानगड उजेडाची, पाठीमागं दार उघडं असलं का चेहरा काळा पडते आन बाण भटकते. आता खाट फिरवली, बल्ब समोर घेतला.

आता कापसाचा भाव थोच पाह्यते आन मले सांगते का आज गाडी भरू नको. बोलून टाईप करता येते मान्य, पण बोलून सगळंच होत नाई ना, आन घरात दहा माणसं असल्यावर खाजगी काय बोलाल?

मोबाईलवरही आहे, २०२१ मध्ये गूगलनं अँड्रॉइडमधी तोंड उघडून, भुवई उचलून फोन चालवायची सोय दिली, ऍक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमधी स्विच ऍक्सेस पाहा. कोणी सांगतच नाई हो हे, दवाखान्यातही नाई.

कोणाकडं असा पेशंट असन तर रविवारी या, मी घरीच असतो. फक्त लाईन असन तवा या.