उडतं विमान दिलं, बिघडलेलं परत आलं

नऊ आठवडे! वार्षिक तपासणीला दिलेलं आमचं विमान नऊ आठवड्यांनी हातात आलं आणि पहिल्याच रनअपला, म्हणजे उड्डाणाआधी इंजिन जमिनीवर चालवून बघताना, ते खोकायला लागलं. प्लगला ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो इंजिनाला असतात. मिनिटाला १७०० फेरे असताना एकेक मॅग्नेटो तपासला की फेरे १२५ ने कमी झाले तरी चालतं. इथे डाव्या मॅग्नेटोवर दोनशेहून जास्त घसरले आणि अख्खं विमान थरथरलं. इंजिन बंद केलं, काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, काढलं. एका स्पार्क प्लगची लीड (वायर) नुसती बोटांनी फिरवून सोडून दिलेली. पाना लागलेलाच नव्हता. आणि लॉगबुकात काय लिहिलंय? इंजिन चालवून पाहिलं, सर्व काही व्यवस्थित. खाली सही, शिक्का, तारीख.

हे मला शांतपणे सांगता येत नाही. येणारही नाही.

आमचं विमान म्हणजे १९७६ साली बनलेलं सेस्ना १७२. चौघांत मिळून घेतलेलं. प्रत्येकाचा चौथा हिस्सा, दर महिन्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम टाकायची, त्यातून हँगरचं भाडं, विमा, इंजिनासाठीची शिल्लक. ‘विमान आहे’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या कातड्याच्या खुर्च्या येतात. आमच्या खुर्च्यांचं कापड आम्हीच दोनदा शिवलंय. एवढी जुनी विमानं आजही लोक का उडवतात, तर नवी परवडत नाहीत म्हणून. त्यात १९८६ मध्ये सेस्नाने छोटी पिस्टन विमानं बनवणंच थांबवलं आणि पुढची दहा वर्षं त्यांच्याकडून नवं १७२ आलंच नाही. त्यामुळे बेताच्या पैशात उडायचं तर पन्नाशीकडे झुकलेलं किंवा पन्नाशी ओलांडलेलं विमान घ्यायचं आणि जिवापाड जपायचं. आम्ही जपतो. पन्नास तासांची वाट न बघता तेल बदलतो. प्रत्येक फिल्टर कापून, कागदाच्या घड्या उलगडून, लोखंडाचा चुरा आहे का ते बघायला चुंबक फिरवतो. मागच्या तपासणीत चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन (आत दाब किती टिकतो ते) ७४ च्या वर होतं, ८० पैकी.

यंदा विमान कार्यशाळेत नेऊन ठेवलं. पाचव्या दिवशी मेकॅनिकचा फोन.

“तीन नंबरचा सिलिंडर अठ्ठावन्न आलाय. काढलाय.”

काढलाय! विचारलं नाही, थांबला नाही, आधी काढला आणि मग फोन केला. मी विचारलं, इंजिन गरम असताना मोजलं का? म्हणे, नाही हो, चार दिवस उभंच होतं ना. मग परत चालवून पुन्हा मोजलं का? नाही. हवा कुठून निसटत होती ते ऐकलं का? त्यावर गप्प.

ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो, कारण सगळा संताप इथेच आहे. या चाचणीत सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाने हवा सोडतात आणि आत किती टिकते ते बघतात. निसटणाऱ्या हवेचा आवाज येतो. सायलेन्सरच्या नळीशी कान लावला आणि तिथे तो आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. कार्ब्युरेटरकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह. तेल भरायच्या तोंडातून आला तर पिस्टनच्या रिंगा. दोन मिनिटांचं काम. शिवाय ही चाचणी इंजिन बंद केल्यावर गरम असतानाच करायची असते, आणि आकडा कमी आला तर इंजिन परत चालवून पुन्हा मोजायचं असतं, हे इंजिन बनवणाऱ्यांच्याच सूचनांत आहे. कारण व्हॉल्व्हच्या बैठकीत कार्बनचा एक कण अडकला तरी आकडा पडतो आणि पुढच्या उड्डाणात तो कण उडूनही जातो. तरी शंका राहिली तर प्लगच्या भोकातून बोरस्कोप, म्हणजे आत बघायची बारीक दुर्बीण, घालून व्हॉल्व्हचा चेहरा बघावा. जळायला लागलेल्या व्हॉल्व्हचा रंग एका कडेला वेगळा दिसतो, नवख्यालाही ओळखू येतो. बोरस्कोप त्यांच्या टेबलावर पडलेला होता. मी नंतर गेलो तेव्हा डोळ्यांनी पाहिला.

सिलिंडर काढणं म्हणजे डब्याचं झाकण काढणं नाही. इंजिनाचे दोन अर्धे ज्या लांब बोल्टांनी एकमेकांना आवळून धरलेत, त्यांतले काही सिलिंडरच्या बुडातूनच जातात. ते सैल केले की आतल्या मुख्य बेअरिंगवरची पकडही सुटते. त्या अवस्थेत कुणी प्रोपेलर फिरवला तर बेअरिंग जागचं हलू शकतं. परत बसवताना ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या बळाने आवळलं नाही तर इंजिन हवेत जीव सोडू शकतं. आणि हे काम अशा माणसाने केलं, ज्याला प्लगच्या लीडला पाना लावायची आठवण राहिली नाही! आता दर वेळी चढण घेताना मी तीन नंबरच्या तापमानाकडे बघत बसतो. मला क्षितिज बघायचं असतं हो.

मग सुरू झालं वाट बघणं. काढलेल्याच्या जागी दुरुस्त केलेला सिलिंडर यायचा होता. तो आला तर गॅस्केट नव्हतं. गॅस्केट आलं तर प्रमाणपत्राचा कागद सोबत नव्हता, आणि कागदाशिवाय सुटा भाग विमानाला लावता येत नाही. तो नियम मला पटतो, कागद हवाच. पण यादी एकदाच नीट करून सगळं एकत्र मागवायला काय झालं होतं? प्रत्येक वेळी एक वस्तू, प्रत्येक वेळी दहा-बारा दिवस. मी फोन केला की “बघतो, कळवतो.” कळवलं एकदाही नाही.

त्यात मधल्या काळात त्यांनी काय केलं असेल? सिलिंडर बसवल्यावर बाकीच्या कागदपत्रांसाठी दोन आठवडे विमान तसंच उभं होतं, तेव्हा “इंजिनाला गंज नको म्हणून दर दोन-तीन दिवसांनी दहा मिनिटं चालू ठेवत होतो.” हे त्यांनी मला उपकार केल्यासारखं सांगितलं. ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकली. आमच्या या लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. इंजिन उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून खाली जातं आणि लोखंड उघडं पडतं. इंधन जळताना पाण्याची वाफ होते, ती तेलात जाते. विमान उडालं, तेल चांगलं तापलं, तर ती वाफ निघून जाते. जमिनीवर दहा मिनिटं चालवून तेल तेवढं तापतच नाही. म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी आत नवं पाणी सोडायचं आणि झाकण लावून ठेवायचं. शिवाय सिलिंडर ताजा बसवलेला. त्याच्या रिंगा बसायला जास्त ताकदीवर उडवावं लागतं, जमिनीवर घरघर करून चालत नाही. गंज धरलेला कॅम पुढे स्वतःचं तोंड खातो, त्याचा चुरा तेलातून सगळीकडे फिरतो, आणि मग सिलिंडर नाही, अख्खं इंजिन उतरवून उघडावं लागतं. आमच्या चौघांच्या शिलकीत तेवढं नाही.

आणि काका. आमच्यात सर्वांत ज्येष्ठ, चाळीस वर्षं उडवलेला माणूस. त्यांच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत याच नऊ आठवड्यांत संपत होती आणि डोळ्यांमुळे ते पुन्हा मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. शेवटचं एक उड्डाण एकट्याने करायचं ठरवलं होतं त्यांनी. दर आठवड्याला मला विचारायचे, “झालं का रे?” मी दर आठवड्याला सांगायचो, पुढच्या आठवड्यात. मुदत संपली. विमान पुढे बारा दिवसांनी आलं. आता ते माझ्या शेजारी बसतात, उडवतातही, पण विमानाचा कप्तान म्हणून त्यांचं नाव लागत नाही. याची भरपाई कुठल्या बिलात होते ते मला कुणीतरी सांगा.

बिलाचं तर बोलतच नाही. अंदाजाच्या दुपटीहून वर. त्यात लीडचं वर सांगितलं. शिवाय उजव्या टाकीचा इंधनकाटा, जो देताना चालत होता, तो मेलेला. वायर जोडायची राहिली. तपासणीच्या एका झाकणाचे दोन स्क्रू गायब. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“तपासणीच नको म्हणता का?” असं विचारणारे भेटतात. नाही! खुर्चीचे रूळ दर वर्षी बघायलाच हवेत. याच सेस्नांमध्ये झिजलेल्या रुळावरून उड्डाणाच्या क्षणी खुर्ची मागे सरकून माणसं मेलेली आहेत. नियंत्रणाच्या तारा, इंधनाच्या नळ्या, सगळं बघा. बघा म्हणतोय मी. उचकटू नका. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कोस्टल कमांडच्या विमानांचा हिशोब मांडताना कॉनरॅड वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं, की ठरावीक तासांच्या तपासणीनंतर लगेच बिघाड वाढतात आणि पुढे हळूहळू कमी होत जातात. म्हणजे चांगलं चाललेलं खोलण्यातूनच नवं बिघडत होतं. हे तेव्हा कळलं होतं. आज माझ्या विमानावर तेच घडतंय.

आणखी एक वर्ग आहे, “परवडत नसेल तर विमान ठेवू नये” म्हणणारा. पैसे कमी आहेत म्हणून मी काम फुकट मागितलं नाही. बिल पूर्ण भरलंय. पूर्ण भरलेल्या बिलात पाना लावून मिळावा एवढंच मागतोय.

काढलेला सिलिंडर बघायला मागितला, तर म्हणे बदल्यात पाठवून दिला. व्हॉल्व्ह खरंच जळला होता की नाही हे आता कधीच कळणार नाही. पुढच्या वर्षी कामाच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहून, सही घेऊन देणार आहे: मला विचारल्याशिवाय काहीही काढायचं नाही. कार्यशाळाही दुसरी बघतोय, दीड तासाच्या उड्डाणावरची असली तरी.

तोवर नव्या सिलिंडरसाठी साधं मिनरल तेल भरलंय. पंचवीस तास झाले की ते काढायचं, नमुना तपासायला पाठवायचा आणि फिल्टर कापायचा. सध्या सोळा झालेत. फिल्टर कापताना काकाही येणार आहेत, चुंबक घेऊन.