पास वसूल कसा करावा

अम्युझमेंट पार्कचा वार्षिक पास काढताना खिडकीवरची मुलगी तुमचा फोटो घेते. "इकडे बघा" असं ती फोटो काढून झाल्यावर म्हणते. त्यामुळे पासवर उमटणाऱ्या माणसाचा एक डोळा अर्धा मिटलेला असतो, तोंड काहीतरी विचारायला उघडलेलं असतं, आणि एकूण भाव असा, की याला आत्ताच कुणीतरी गंडवलंय पण ते याला अजून कळायचंय. फोटो बदलून मागू नका. वर्ष सरत येईल तसा तो हुबेहूब वाटायला लागतो.

तर अभिनंदन! आजपासून पार्कच्या दृष्टीनं तुम्ही पाहुणे राहिला नाहीत. एका दिवसाचं तिकीट काढून येतो तो जावई. त्याला नकाशा हातात मिळतो, त्याच्याकडे बघून हसतात, कारण तो आज पैसे सोडून जाणार आणि नाराज झाला तर परत येणार नाही. पासधारक म्हणजे घरजावई. त्याचे पैसे गल्ल्यात पडलेत, तो परत येणारच आहे, आणि रुसला तरी संध्याकाळपर्यंत याच अंगणात फिरणार आहे. त्याची समजूत कुणी आणि का काढावी? २०२२ साली डिस्नेनं आपल्या हिशेबात लिहून टाकलं, की डिस्नेलँडमध्ये येणाऱ्या लोकांचं 'मिश्रण' प्रतिकूल झाल्यामुळे माणशी तिकिटाच्या उत्पन्नातली वाढ थोडी खाल्ली गेली. कुणाचं नाव घेतलं नव्हतं. घरजावयाचं नाव तसंही कुणी घेत नाही, नुसती भांडी जरा जोरात आपटतात.

हे एकदा मनाशी पक्कं केलंत की पुढचं सोपं आहे.

खाण्यापासून सुरुवात करू, कारण पासधारकाचं अर्धं आयुष्य तिथंच जातं. घरून डबा आणू नका. दारावरचा माणूस पिशवीत हात घालून तो शोधून काढतोच, आणि बिस्किटाचा अर्धा पुडासुद्धा अशा चेहऱ्यानं उंचावून दाखवतो, की मागच्या रांगेतली मुलं तुमच्यापासून दोन पावलं लांब सरकतात. शिवाय डबा आणलात तर तुमची दहा टक्के सवलत वाया जाईल! ही सवलत समजून घ्या. ती कॉम्बोवर नाही. बाटलीबंद पेयांवर नाही. हातगाड्यांवर नाही. सुट्टीच्या दिवशी नाही. अ‍ॅपवरून मागवलं तर लागत नाही आणि काउंटरवर गेलात तर "आता फक्त अ‍ॅपवरून" असं सांगतात. उरला सॉसचा जादा पुडा. त्यावर मात्र ती बिनतक्रार लागते. मी मागच्या मोसमात एकदा बिल पुढं-मागं करून पाहिलं, माझी वर्षातली सर्वांत घसघशीत बचत सॉसमध्ये झाली होती.

वर्षभर कितीही वेळा भरून मिळणारा प्यायचा पेला घेतला असेल तर तो गळ्यात अडकवूनच फिरा. भरून देणारे काउंटर सहा. त्यांतले चार गर्दी नसेल तेव्हा बंद असतात, कारण गर्दी नसते. उरलेल्या दोन ठिकाणी गर्दी असते, कारण चार बंद असतात. एका दुपारी मी अशा रांगेत बराच वेळ उभा राहून पुढं पोचलो. आतल्या पोरानं पेला उलटा केला, बुडाशी पाहिलं आणि म्हणाला, "हा मागच्या वर्षीचा रंग आहे." पेला निळा होता. या वर्षीचा हिरवा. पास चालू आहे, पेल्याचे पैसेही भरलेत, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "मशीनला कळत नाही ना." मशीनला एक बटण होतं, फक्त एक. त्याच्या डोळ्यांसमोर ते बटण, माझ्या डोळ्यांसमोर तो, आणि आमच्या दोघांच्या मधे रंग. शेवटी त्यानं इकडेतिकडे बघून अर्धा पेला भरून दिला. अशा पोरांशी भांडू नये. हे मात्र मी गमतीनं सांगत नाहीये. नियम करणारा माणूस त्या काउंटरवर कधीच उभा राहत नाही.

पाण्याचा नळ शोधू नका, असंही सांगणार होतो, पण त्याला इतिहास आहे. १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडलं तेव्हा कडक उन्हाळा होता आणि प्लंबरांचा संप नुकताच मिटला होता. प्यायच्या पाण्याचे नळ किंवा संडास, दोन्हींपैकी एकच वेळेत होण्यासारखं होतं. वॉल्ट डिस्नेनी संडास निवडले, आणि माणूस म्हणून त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आलेल्या लोकांनी ताबडतोब ताडलं, की नळ मुद्दाम बंद ठेवलेत, बाटल्या खपाव्यात म्हणून. म्हणजे पहिल्याच दिवशी, पास वगैरे निघायच्या कितीतरी आधी, पाहुण्याला आपल्या तहानेचा धंदा होतोय असं वाटलं होतं. आपण फार जुन्या घराण्यातले आहोत, एवढाच याचा अर्थ.

ताटातला ऐवज दरवर्षी थोडा आटतो, त्याबद्दल कुरकुर करू नका. तो तुमच्या प्रकृतीसाठी आटतो. ही थट्टा नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये डिस्नेच्या तेव्हाच्या वित्तप्रमुख क्रिस्टीन मॅकार्थी गुंतवणूकदारांशी बोलताना महागाईवरचे उपाय सांगत होत्या. खाण्याचं प्रमाण कमी करता येईल, असं त्या म्हणाल्या, आणि काही लोकांच्या कमरेच्या घेरासाठी ते बरंच ठरेल, अशी पुस्तीही जोडली. आपल्या घेराची काळजी करणारं माणूस आपल्याला घरात मिळत नाही. इथं मिळतं, आणि तेही गुंतवणूकदारांसमोर!

एक गोष्ट मात्र या सगळ्या धंद्यातल्यांना सांगायला हवी. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या पार्कचा जन्म राइडमधून झालेला नाही, जेवणातून झालाय. १९३४ साली कॉर्डिलिया नॉट या शेतकरणीनं लग्नात मिळालेल्या ताटांमध्ये आठ जणांना कोंबडीचं जेवण वाढलं. चव लोकांच्या जिभेवर राहिली, रांगा लागल्या, त्या तासन्‌तास हलेनात. मग ताटकळणाऱ्या लोकांचा वेळ जावा म्हणून तिच्या नवऱ्यानं, वॉल्टर नॉटनं, १९४० मध्ये शेजारी जुन्या काळच्या ओसाड गावाचा देखावा उभारायला घेतला. म्हणजे आधी जेवण, मग रांग, मग करमणूक. आज आपण करमणुकीसाठी आत शिरतो, रांगेत उभे राहतो आणि शेवटी थंड फ्राइजपाशी पोचतो. तीच वाट, फक्त उलट्या पायांनी चालायची.

आता मानपान. पासाच्या जाहिरातीत जी लांबलचक यादी असते ती वाचताना प्रत्येक ओळीच्या शेवटची बारीक चांदणी बघायला शिका. चांदणी जिथं नेऊन सोडते त्या तळटीपेत खरा पास असतो, वर असतं ते त्याचं स्थळ दाखवायला काढलेलं चित्र. अर्धा तास लवकर प्रवेश मिळेल. मिळतो. त्या अर्ध्या तासात दोन राइड चालू असतात, त्यांतली एक लहान मुलांची असते आणि दुसरीची 'चाचणी सुरू आहे'. मित्राला फुकट आणा. आणता येतं, अशा एखाद्या मंगळवारी, ज्या दिवशी तुमच्या कुठल्याही मित्राला सुट्टी नाही. पासधारकांसाठी खास चुंबक, म्हणजे फ्रिजच्या दारावर लावायचा, तो साठा असेपर्यंत. हा साठा सकाळी किती वाजता संपतो ते मला माहीत आहे: मी पोचायच्या दहा मिनिटं आधी.

आणि वर्ज्य दिवस! पास वर्षभराचा असतो. फक्त ज्या दिवशी तुम्हाला जावंसं वाटेल ते दिवस वगळून. 'एकही वर्ज्य दिवस नाही' असं ठळक लिहिलेलं दिसलं तर जास्तच सावध व्हा. २०२१ मध्ये डिस्नेलँडनं 'ड्रीम की' नावाचा सर्वांत वरचा पास काढला, किंमत १,३९९ डॉलर, वर्ज्य दिवस शून्य. मात्र येण्याआधी दिवस आरक्षित करायचा होता, आणि पासवाल्यांसाठी राखलेल्या जागा संपल्या की संपल्या, एकदिवसाची तिकिटं त्या दिवशी चालू असली तरी. एक पासधारक बाई कोर्टात गेल्या. २०२३ मध्ये कंपनीनं चूक कबूल न करता ९५ लाख डॉलरवर तडजोड केली. वकिलांची फी वगैरे जाऊन उरलेले लाखभर पासधारकांत वाटून माणशी सदुसष्ट डॉलरच्या आसपास आले. मला या प्रकरणात निकालापेक्षा शब्द आवडला. दिवस वर्ज्य नव्हता, भरलेला होता. सुनेला कुणी घराबाहेर काढलं नाही, नुसती आतून कडी लागली होती.

फुकट असलेली गोष्ट एक दिवस विकत मिळायला लागली तर दचकू नका. रांग टाळायची 'फास्टपास' सोय डिस्नेच्या पार्कांत १९९९ मध्ये फुकट सुरू झाली आणि २०२१ पासून तिची जागा पैसे मोजायच्या सोयीनं घेतली. आधी सवय लावायची, मग सवयीचं भाडं घ्यायचं. यात नवीन काय आहे?

संपर्काच्या बाबतीत पार्क अजिबात कमी पडत नाही. वाढदिवसाला शुभेच्छा येतात. तुमचा तीन वर्षांपूर्वीचा फोटो 'आठवणी' म्हणून येतो. पास संपायला तीन महिने असतानाच नूतनीकरणाची आठवण येते, मग दर आठवड्याला, मग दर दिवशी. येत नाही ती एकच बातमी: ज्या राइडसाठी तुम्ही दोन तासांचा प्रवास करून आलात ती कालपासून बंद आहे. ती तुम्हाला राइडच्या दारात लटकवलेल्या साखळीवरून कळते. साखळीपाशी वॉकीटॉकी घेतलेला एक मुलगा असतो. त्याला विचारा, "कधी चालू होईल?" तो म्हणेल, "सांगता येत नाही." "आज होईल का?" "होऊ शकते." "उद्या?" यावर तो वॉकीटॉकीकडे बघतो. वॉकीटॉकी खरखरते. दोघांनाही तेवढंच माहीत असतं.

खरं तर यातली मेख जुनी आहे. वाट बघण्याच्या मानसशास्त्रावर डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ मध्येच मांडून ठेवलंय, की कारण न सांगितलेली वाट कारण सांगितलेल्या वाटेपेक्षा लांब वाटते, आणि किती वेळ लागेल ते माहीत नसलं तर आणखी लांब. म्हणजे साखळीवर एक पुठ्ठा अडकवून 'ब्रेक बदलतोय, शनिवारी या' एवढं लिहिलं तरी निम्मा राग उतरेल. पुठ्ठा महाग पडत नसावा. पण मग लोक शनिवारीच येतील, आज आत येऊन फ्राइज कोण घेणार?

पार्कची भाषाही शिकून घ्या, त्याशिवाय मेल कळणार नाहीत. 'तुमचा अनुभव अधिक सुखद करण्यासाठी' असं सुरू झालं की काहीतरी काढून घेतलंय. 'तुमच्या सूचनांचा विचार करून' म्हणजे किंमत वाढलीय. 'आम्हाला कळवताना अत्यानंद होतोय' हे वाक्य दिसलं तर आधी खाली बसा, पाणी प्या (मिळालं तर), मग पुढं वाचा. 'तात्पुरतं' म्हणजे कायमचं. 'लवकरच' याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. एका पाटीवरचा 'लवकरच' मी उन्हानं पिवळा पडताना पाहिलाय.

हे सगळं सोसूनही जाणं सोडायचं नाही, कारण पास वसूल करायचाय. त्याचं गणित असं. पासाची किंमत भागिले फेऱ्या. पहिली फेरी सगळ्यात महाग. पाचव्या फेरीला तिकिटाशी बरोबरी. दहाव्या फेरीला तुम्ही पार्कला लुटायला लागता, विसाव्या फेरीला पार्क तुमच्यामुळे बुडणार अशी धाकधूक वाटते. दर फेरीचं पार्किंग, खाणं, लॉकर आणि भिजल्यावर घ्यावा लागलेला टॉवेल या गणितात धरायचा नाही. धरला तर गणित बिघडतं. या वेडाचाही अभ्यास झालाय. आर्क्स आणि ब्लूमर या दोन संशोधकांचा १९८५ सालचा एक प्रयोग आहे: नाटकांच्या मोसमी तिकिटांवर, कुणाला मिळेल ते नशिबावर सोडून, काहींना सवलत दिली, काहींना पूर्ण किंमत लावली. पूर्ण किंमत मोजलेले लोक मोसमाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना आले. नाटकं सगळ्यांना तीच होती. पैसे जास्त गेलेले लोक जास्त निष्ठेनं खुर्चीत बसले, एवढंच. आपण तर पार्कमध्ये पावसात उभे राहतो, कारण 'आज नाही आलो तर एक फेरी वाया'.

मी या वर्षी रिन्यू करणार नव्हतो. घरात तसं जाहीरही केलं होतं. मग 'जुन्या पासधारकांसाठी जुनीच किंमत' असा मेल आला, सोबत हिरवा पेला फुकट, चांदणी होती पण मी वाचली नाही. खिडकीवर गेलो. निदान एवढा तरी हक्क बजावावा म्हणून म्हटलं, नवीन पासवर नवीन फोटो घ्या. मुलगी म्हणाली, "जुनाच येतो. बदलायचा असेल तर अ‍ॅपमधून." अ‍ॅपमध्ये गेलो, तिथं लिहिलंय, 'फोटो बदलण्यासाठी कृपया खिडकीवर संपर्क साधा.' मान वर केली तर खिडकीवर पाटी लागली होती, 'लवकरच येत आहोत.' आता मी तिथंच उभा आहे, एक डोळा उन्हानं अर्धा मिटलाय, आणि मागचा माणूस विचारतोय, ही रांग खाण्याची का?