जपानमध्ये म्हणे जात नव्हती!

सकाळी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. जपानी शाळेतली मुलं वर्ग झाडतायत, मागे बासरी, आणि खाली वाक्य: 'जपानमध्ये जात नाही, म्हणून तो देश पुढे गेला.' धडाधड अंगठे पडले. मग एका काकांनी आरक्षणाचा विषय काढलाच. तेव्हापासून डोकं भणभणतंय.

जपान माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे हे तुम्हाला माहीत आहे. भाषा शिकले, इतिहास वाचत आलेय. म्हणूनच ही थाप ऐकवत नाही.

तोकुगावा या शोगुन घराण्याच्या राज्यात (१६०३ ते १८६८) सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी या सगळ्यांच्या खाली आणखी माणसं होती. त्यांच्या वंशजांना आज 'बुराकुमिन' म्हणतात. मेलेली गुरं ओढायची, कातडी कमवायची, देहदंड झालेल्यांची प्रेतं हलवायची. वस्ती वेगळी, सोयरीक आपसातच. ओळखीचं वाटतंय ना? ज्या सामुराईच्या चिलखतावर आपण जीव टाकतो, त्या चिलखतातलं चामडं याच लोकांनी कमावलेलं असायचं.

जपानमधल्या हिमेजी शहरात एका घरी राहिले होते. किल्ला पाहून आले तर घरच्या आजींनी कौतुकाने एक पाकीट दाखवलं. दुधाळ रंगाचं, मऊ, वर उठावाची रंगीत फुलं. तिथलं पांढरं चामडं प्रसिद्धच आहे. इचिकावा नदीत कातडी भिजवायची, मीठ आणि मोहरीच्या जातीचं तेल लावायचं, पायाने तुडवायची, उन्हात वाळवायची. मी म्हटलं, आजी, उद्या जिथे बनतं तिथे जाऊया का? त्यांनी पाकीट रुमालात गुंडाळलं आणि म्हणाल्या, "तिथे बघण्यासारखं काही नाही."

माणूस फार चांगला हो. मला रोज अंघोळीचं पाणी आधी देत होत्या. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

१७७१ साली एदोच्या (आजच्या टोकियोच्या) कोझुकाप्पारा वधस्थळी सुगिता गेन्पाकू हे वैद्य आणि त्यांचे सहकारी डच शरीरशास्त्राचं पुस्तक हातात घेऊन शवविच्छेदन बघायला गेले. पुस्तकातल्या आकृत्या खऱ्या निघाल्या, त्यांनी भाषांतर केलं, १७७४ मध्ये ते छापलं आणि जपानी वैद्यक बदललं. शाळेच्या पुस्तकात हे असतं. पण प्रेत चिरून हे हृदय, हे यकृत असं एकेक दाखवलं कोणी? याच समाजातल्या नव्वदीच्या एका म्हाताऱ्याने! तरुणपणापासून तो हे काम करत होता. हे गेन्पाकूंनीच लिहून ठेवलंय. आणि इतकं सगळं लिहून ठेवलं, त्यात म्हाताऱ्याचं नाव नाही. नातवाचं आहे, त्याचं नाही. राग येतो मला. अजून येतो.

हो, १८७१ मध्ये मेइजी सरकारने हुकूम काढून हा दर्जा रद्द केला. हो, आजच्या घटनेचं १४वं कलम जन्मावरून भेद करायला मनाई करतं. मान्य. पण हुकूम निघाला तेव्हा 'ते आपल्या बरोबरीचे कसे?' म्हणून गावागावांत दंगे झाले, वस्त्या जाळल्या. आणि १९७५ मध्ये काय उघडकीला आलं? या वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या. कशाला, तर तिथली पोरं नोकरीला नकोत म्हणून. २०१६ साली या भेदभावाविरुद्ध पुन्हा कायदा करावा लागला. जात नव्हती ना? मग कायदा कशासाठी?

'तिथे बघण्यासारखं काही नाही.' तो व्हिडिओही हेच म्हणतोय, फक्त बासरी लावून.

आपली जातव्यवस्था आणि त्यांची एक नाही, हे मलाही कळतं. पण ग्रुपवरच्या मंडळींना तुलना नकोच आहे. त्यांना जपानच्या आडून आपल्याच माणसांना बोल लावायचाय.

असो. रागाने लिहायला बसले होते, पण आता वेगळंच मनात येतंय. ३ मार्च १९२२ ला क्योतोमध्ये हीच माणसं जमली आणि त्यांनी 'सुइहेइशा' ही समतेसाठी लढणारी संघटना स्थापन केली. आमच्यावर दया नको, आम्हीच आमची सुटका करू, हा त्यांचा सूर. काळ्या झेंड्यावर लाल काटेरी मुकुट. त्यानंतर पाचच वर्षांनी, मार्चमध्येच, महाडचं चवदार तळं. एकमेकांना न भेटलेली ही माणसं काय ताकदीने उभी राहिली! जपानमधलं मला सगळ्यात आवडणारं काही असेल तर ते हे. साकुराच्या, म्हणजे चेरीच्या बहराच्याही आधी.

आजींवर मी रागावले नाही. त्यांना लहानपणापासून तेच शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी मी एकटीच नदीवर गेले. काठावर एक काका उभे होते. पाकिटाबद्दल विचारलं तर अर्धा तास बोलत राहिले. कातडं हाताला कसं लागलं पाहिजे हे सांगताना त्यांनी माझा हात धरून ते माझ्याकडून चाचपून घेतलं.

सुइहेइशाचं संग्रहालय नारा प्रांतात गोसे गावी आहे. पुढच्या वर्षी जपानची सहल ठरवणाऱ्यांनो, नाराला हरणं बघायला जाणारच आहात, तर एक दिवस तिकडे काढा. गाडी कुठे बदलायची ते मी सांगते, मेसेज करा.