व्हिनेगरचा फेस आणि डायनासोरचं अंडं

‘धारच्या डायनासोर पार्कात टी-रेक्सची अंडी नुसती पडलीत. व्हिनेगर टाका, फेस आला की खरं. मुलांसाठी एक घेऊन या.’ हा मेसेज शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर पोचलाय, आणि खाली कुणीतरी विचारलंय, ‘बाटली कोण आणतंय?’ कुणीच आणू नका.

आधी ते व्हिनेगर. अंड्याचं कवच कॅल्साइटचं असतं आणि त्यावर आम्ल पडलं की फेस येतो, इथपर्यंत मेसेजवाला बरोबर. पण मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या बाघ-कुक्षी भागात ही अंडी ज्या लमेटा नावाच्या, डायनासोरच्या काळातल्या थरात सापडतात, तो खडकच वालुकामय चुनखडीचा आहे. अंड्यावर ओता, शेजारच्या दगडावर ओता, फेस दोन्हीकडे येणार. उलट कवचात सिलिका, म्हणजे वाळूतलं खनिज, मुरलेली असेल तर खरं अंडंच गप्प बसेल. म्हणजे चाचणी शून्य, नुकसान मात्र नक्की. कवच जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाड. त्यावरचे बारीक फुगवटे आणि छिद्रं पाहून अंड्याचा प्रकार ठरतो, आणि आम्ल आधी तेच खातं.

ओळखायचं ते डोळ्यांनी. अख्खा गोळा क्वचितच दिसतो. वरचा भाग झिजून खडकात वीतभराहून थोडं लहान वर्तुळ उरतं आणि त्याच्या कडेने वेगळ्या रंगाची बारीक, मधेमधे तुटलेली रेघ जाते. ती रेघ म्हणजे कवच. ती नसेल तर दगड कितीही गोल असो, अंडं म्हणू नका. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रेघ उठून दिसते. भर दुपारी काही कळत नाही.

‘घेऊन या’ हा तर कहर आहे. जागा राष्ट्रीय उद्यान आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 35 प्रमाणे तिथून परवान्याशिवाय वनोपज हलवता येत नाही, आणि वन कायद्याच्या व्याख्येत जंगलातला दगडही वनोपजच. उद्यान पुरतं एक चौरस किलोमीटरही नाही, बरीच घरटी बाहेरच्या गावांत आहेत, हे खरं. पण म्हणून ती बेवारस होत नाहीत.

जानेवारी 2023 मध्ये ‘प्लॉस वन’ या विज्ञान नियतकालिकात आलेला शोधनिबंध बघा. याच भागातली 92 घरटी, 256 अंडी, एका घरट्यात एकापासून वीसपर्यंत. घरटी इतकी जवळजवळ की मोठ्या जनावराला मधून फिरायला जागाच नाही, म्हणून माद्या अंडी घालून निघून जात असाव्यात असा निष्कर्ष. हे कळलं ते अंडी जागच्या जागी मोजली म्हणून. कुणाच्या शोकेसमधल्या अंड्यावरून यातलं काहीही कळत नाही. तसंही छिन्नी-हातोडीने अंडं निघत नाही, कवचाचे टवके निघतात. काढायचंच तर भोवतीचा खडक खणून, प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवलेलं गोणपाट गुंडाळून अख्खा ठोकळा उचलावा लागतो.

टी-रेक्स उत्तर अमेरिकेतला, त्याचा इथे संबंध नाही. ही अंडी टायटॅनोसॉरची, लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरची. मोठा मांसाहारीच हवा असेल तर गुजरातेत रैयोलीला सापडलेला, 2003 मध्ये नाव मिळालेला राजासॉरस आहे की!

‘गावकरी याच अंड्यांची पूजा करायचे’ हे मेसेजमधलं वाक्य मात्र मान्य करावं लागतं. तिथल्या पाडल्या गावात असे गोल दगड काकड भैरव म्हणून पुजले जात. पण त्यांनी ते सांभाळले, पिशवीत घालून घरी नेले नाहीत.

वर्तुळ दिसलंच तर त्याच्या कडेवर बूट ठेवू नका, तिथेच कवच उडतं. शेजारी पेन ठेवून एक फोटो बरोबर वरून आणि एक लांबून, आजूबाजूचा खडक दिसेल असा काढा. लोकेशन ग्रुपवर टाकू नका, वनखात्याच्या माणसाला जागा दाखवा.