घाट एकदाच उतरायचा

महेशनं दिवाळीच्या सुट्टीचा बेत कागदावर मांडून आणला होता. आठ दिवस, घरची गाडी, माणसं पाच, त्यात सासूबाई सत्तरीच्या. विजापूर, बदामी, हंपी, जोग, गोकर्ण, उडुपी, चिकमगळूर, कूर्ग, म्हैसूर आणि परत सोलापूर. कागद सात रस्त्याच्या कट्ट्यावर हातोहात फिरला. इरण्णानं वाचला आणि चहाचा ग्लास खाली ठेवला.

"हे कर्नाटक आहे का सिद्धेश्वराची यात्रा बे, एका फेरीत अडुसष्ट लिंगं करायला?"

"अंतरं बघ की. एकेक टप्पा शे-दीडशे किलोमीटरचा."

"बेरीज केलीस का? दोन हजाराच्या वर जातं. त्यातलं मैदानातलं किलोमीटर वेगळं आणि घाटातलं वेगळं. सोलापूर-विजापूर शंभर किलोमीटर दोन-अडीच तासांत होतं. उडुपीहून आगुंब्याचा घाट चढून शृंगेरीमार्गे चिकमगळूरला जा, तिथं तासाला तीस-पस्तीस पडले तरी नशीब. आगुंब्याला चौदा आकडी वळणं आहेत. मागच्या सीटवर पोरं आणि सासूबाई. पिशव्या जवळ ठेव."

वैशालीचं म्हणणं वेगळंच होतं. मुलांना समुद्र पाहिजे. देवळं बघून ती कंटाळतात. शिवाय जोगचा धबधबा बघितला नाही तर कर्नाटकात गेलोच कशाला?

यावर वाद खरा पेटला. सुट्टी कुठल्या महिन्यात आहे यावर निम्मा नकाशा आपोआप खोडला जातो, हे इरण्णा सांगत होता आणि महेश मानत नव्हता. जोगला शरावती २५३ मीटर खाली कोसळते हे खरं, पण वरच्या अंगाला लिंगनमक्कीचं धरण आहे आणि पाणी विजेसाठी राखलेलं असतं. पावसाळ्यात आणि नंतर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत बघण्यासारखं. नोव्हेंबर-डिसेंबरात कड्यावरून बारीक धारा उतरतात. फोटोतला जोग ऑगस्टचा असतो.

"मग ऑगस्टात जाऊ."

"जा. जोगला पाणी असतं तेव्हाच घाटात दरडी येतात. मंगळूरकडून येणारा शिराडी घाट बंद पडला की सगळी वाहतूक चारमाडीवर, आणि मग तोही तुंबतो. तुंगभद्रा धरणातून पाणी सोडलं की हंपीत होड्या बंद. नदीपलीकडच्या आनेगुंदीला पुलावरून वळसा घालून जायचं. आणि एप्रिल-मेचं नाव काढू नका. हंपीच्या धोंड्यांवर सोलापूरचं ऊन थंड वाटेल."

सलीम रेल्वेच्या वेळापत्रकातला किडा. त्यानं गाडीच काढून टाकली. "होटगी-गदग लाइन आपल्या दारातून जाते. विजापूर, बागलकोट, बदामी, सगळं एका रुळावर. बदामी स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर आहे, रिक्षा मिळते. तिथून हंपीला जायला मात्र टॅक्सी करा, साधारण दीडशे किलोमीटर पडतं. हंपीजवळच्या होसपेटहून रात्रीची हंपी एक्सप्रेस थेट म्हैसूरला सोडते. येताना म्हैसूरहून गोलगुंबज एक्सप्रेस सोलापूरपर्यंत. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. दिवाळीचं असेल तर त्याच सकाळी बसायचं."

"एसटीनं फिरलं तर? तिकडं बायकांना फुकट आहे म्हणे," वैशाली.

"कर्नाटकातल्या बायकांना, तिथलं ओळखपत्र असेल तर. आपल्या बायकांना पूर्ण तिकीट. शिवाय २०२३ पासून गर्दी इतकी की सामान घेऊन चढणं मुश्कील."

मग कागदाची मागची बाजू वापरात आली. विजापूरला अर्धा दिवस. गोलघुमटाला सकाळी दार उघडताच जायचं. शाळांच्या सहली आल्या की वरच्या सज्जात कुजबुज ऐकू येण्याऐवजी नुसत्या शिट्ट्या घुमतात. सासूबाईंनी खालीच बसावं, वर जायचे जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत. बदामीत दोन रात्री. एक दिवस लेणी आणि तळं, दुसरा पट्टदकल आणि ऐहोळेला. लेण्यांच्या पायऱ्यांवर माकडं आहेत. हातात खायची पिशवी दिसली की ती तुमची राहत नाही. तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा शिलालेख आहे, तो चुकवू नये. पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरासमोर मात्र मुलांना थांबवून वेरूळचं कैलास आठवायला लावा. कैलासची घडण कुठून आली ते न सांगता कळेल.

हंपीला महेशनं एकच दिवस धरला होता. सगळेच तुटून पडले. गावातलं विरूपाक्ष मंदिर आणि शेजारची हेमकूट टेकडी एका सकाळचं काम आहे. विठ्ठल मंदिरापाशी गाडी जात नाही, किलोमीटरभर अलीकडे लावून बॅटरीच्या गाडीची रांग धरावी लागते. तिथलंच तिकीट त्याच दिवशी कमलमहालाला चालतं, म्हणून दोन्ही एका दिवसात बसवायचं. दुपारी बारा ते तीन खोलीवर काढायचे. ज्या विठ्ठलाला भानुदासांनी इथून पंढरीला परत नेलं असं आपण सांगतो, त्याचा गाभारा रिकामा आहे. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर हार-तुळस घेऊन जातील.

म्हैसूरला तीन रात्री, आणि त्यातला एक रविवार असलाच पाहिजे. राजवाड्यावरची जवळजवळ लाखभर दिव्यांची रोषणाई रविवारी आणि सरकारी सुट्टीला संध्याकाळी लागते, तीही तासाच्या आतच संपते. ऑक्टोबरात तिकडं संध्याकाळी पाऊस येतो, छत्री ठेवा. सोमनाथपूरचं केशव मंदिर पस्तीसेक किलोमीटर, अर्ध्या दिवसात होतं. श्रवणबेळगोळला सहाशेच्या वर पायऱ्या, त्याही अनवाणी. उन्हं चढायच्या आत उतरायला हवं, जाड मोजे चालतात. गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' हे आपल्या मराठीतलं वाक्य कोरलेलं आहे. तिथून पुढं बेलूर-हळेबीडू त्याच दिवशी रेटायचं का, यावर एकमत झालं नाही. इरण्णा म्हणे, बेलूरच्या मंदिरावरच्या मदनिकांची शिल्पं संध्याकाळी घाईत बघण्यापेक्षा न बघितलेली बरी. सलीम म्हणे, हासनला एक रात्र टाका आणि म्हैसूरची एक कापा. सलीमचं पटण्यासारखं होतं. सासूबाई सोबत नसत्या तर.

"आणि समुद्र?" वैशालीनं सोडलं नाही.

"समुद्र जानेवारीत, वेगळा. हुबळीहून यल्लापूरमार्गे अरबैल घाट एकदा उतरायचा, गोकर्ण-मुरुडेश्वर-उडुपी किनाऱ्यानं करायचं, आणि त्याच घाटानं वर. हंपी आणि गोकर्ण एकाच फेरीत घातलं की मधला अख्खा दिवस काचेतून बघण्यात जातो."

"कूर्ग?"

"कूर्गला रेल्वे नाही, आणि दोन रात्रींच्या खाली जाण्यात अर्थ नाही. डिसेंबर-जानेवारीत कॉफीची फळं लाल होतात तेव्हा जावं."

महेश गप्प होता. मग म्हणाला, घरी जोग कबूल करून बसलोय. इरण्णानं कागद ओढला, हंपीपुढं रेघ मारली आणि लिहिलं: होसपेट ते जोग टॅक्सी, पूर्ण दिवस, तिथं एक रात्र, दुसऱ्या रात्री पंधरा किलोमीटरवरच्या ताळगुप्प्याहून म्हैसूरची गाडी. खाली कंसात 'दिवाळी ऑक्टोबरात आली तरच'. म्हैसूरच्या तीनातल्या दोन रात्री मात्र गेल्या. आता श्रवणबेळगोळ ठेवायचं का सोमनाथपूर, हे वैशालीनं ठरवायचं असं ठरलं आणि सलीमनं सीटांसाठी पाच जणांची वयं लिहून घ्यायला सुरुवात केली.