जुलैचा नकाशा आणि काकांचा पंप

ऐरोलीला काकांकडे गेले तर त्यांचा दम्याचा पंप कपाटात, बँकेच्या पासबुकांखाली. पंपाच्या मागच्या छोट्या खिडकीत उरलेल्या डोसांचा आकडा ११२. रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा पंप, आणि दहा दिवसांपूर्वी मी आले होते तेव्हाही ११२च होता.

"अगं, उपग्रहच सांगतोय हवा सुधारली म्हणून. डॉक्टरांना काय, औषधं खपवायचीत," काकांनी मोबाइल पुढे केला.

तोच मेसेज. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेलेला. नवी मुंबईवरच्या नायट्रोजन डायऑक्साइड या धुरातल्या वायूचे दोन नकाशे, 'जानेवारी २०१९' लालभडक, 'जुलै २०२४' हिरवागार. खाली मजकूर: नासाचा शिक्का, प्रदूषण निम्म्यावर, पंप-मास्क सोडा, लॉकडाउनने दाखवलंच की दोष फक्त गाड्यांचा, जमिनीवरची मोजणी यंत्रं म्हणजे पैशांची उधळपट्टी.

अहो, आधी महिने तरी वाचा! मोरबे धरणाचे मे आणि ऑगस्टमधले फोटो शेजारी ठेवून कुणी 'पाणीटंचाई संपली' म्हटलं तर आपण हसू ना? हेही तेच. थंडीत वारा पडलेला, हवा खाली दबलेली, धूर पारसिकचा डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये कोंडून राहतो. शिवाय ऊन कमी, म्हणून नायट्रोजन डायऑक्साइड हवेत जास्त वेळ टिकतो. पावसाळ्यात समुद्रावरचा वारा सगळं उधळून लावतो. चिमण्या आणि सायलेन्सर तेवढंच ओकत असले तरी जुलैचा नकाशा हिरवाच येणार. चिमणीतून किती निघालं आणि हवेत किती साठलं, हे दोन वेगळे हिशोब आहेत. त्यातून हे उपग्रह मोजतात ते जमिनीवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशावरून. ढग आला की खालचं दिसत नाही, ते मोजमाप बाद. आपल्याकडे जुलैत ढग फाटतात कधी? उरल्यासुरल्या चार उघड्या दिवसांवर तो हिरवा रंग उभा आहे.

उपग्रहावरून उत्सर्जनाचा कल काढता येत नाही असं मात्र मी म्हणत नाही. येतो, आणि उत्तम येतो. २००४ साली सोडलेल्या ऑरा उपग्रहावरच्या 'ओमी' या उपकरणाची वर्षानुवर्षांची मोजमापं घेऊन शास्त्रज्ञ कान ली आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली निबंध लिहिला: २००७ नंतर चीनचं सल्फर डायऑक्साइडचं उत्सर्जन ७५ टक्क्यांनी घटलं, भारताचं ५० टक्क्यांनी वाढलं. दोन चित्रं चिकटवून नव्हे, तर एकाच उपकरणाच्या अनेक वर्षांच्या सरासऱ्या काढून, वाऱ्याचा हिशोब धरून.

आणि काकांच्या पंपाचं उत्तरही तिथेच आहे. एक वायू ७५ टक्क्यांनी घटूनही चीनमधलं धुरकं हटलं नव्हतं, कारण धुरक्यातल्या कणांत त्या वायूचा वाटा थोडाच. मेसेजमधला नकाशाही एकाच वायूचा. छातीत जाते ती धूळ, सिमेंटची, डंपरची, ती त्या रंगांत नाहीच. उपग्रह मोजतो ती जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेची बेरीज, काकांच्या गॅलरीतली हवा नव्हे. २०१७ साली सोडलेल्या सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहाच्या नकाशातली एक चौकटसुद्धा साधारण ५.५ बाय ३.५ किलोमीटरची, खाडी, ठाणे-बेलापूर रस्ता आणि कारखान्यांचा पट्टा एकाच रंगात मावतात. तो आपल्यावरून जातो दुपारी दीडच्या सुमारास. रात्री अकरानंतर डोंगराच्या बाजूने जो उग्र वास येतो, ज्यासाठी काकू खिडक्या लावून घेते, तो त्याला कसा दिसणार? सूर्यच नाही.

लॉकडाउनचा मुद्दा अर्धा खरा आहे, मान्य करावंच लागेल. २०२० मध्ये युरोपियन अंतराळ संस्थेने मुंबई-दिल्लीवरचा नायट्रोजन डायऑक्साइड आदल्या वर्षीपेक्षा ४०-५० टक्के कमी झाल्याचं दाखवलं होतं. पण तेव्हा गाड्यांबरोबर कित्येक कारखानेही बंदच होते की! मग फक्त गाड्याच कशा?

यंत्रांबद्दल एवढंच, की उपग्रहाचा आकडा बरोबर आहे का हे ताडून पाहायला जमिनीवरचीच मोजमापं लागतात.

हे सगळं काकांना सांगितलं, मोरबेचं उदाहरण पटलं. काल फोन केला तेव्हा आकडा १०६ होता. मेसेज मात्र अजून फोनमध्ये आहे. "राहू दे गं," म्हणाले, "जानेवारीत नवा नकाशा आला की शेजारी लावून बघू."