जयाजीराव आणि राणीसाहेब: त्या फॉरवर्डबद्दल खुलासा
आपल्या ग्वाल्हेरच्या ग्रुपवर परत ते फिरतंय, की ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे यांचं झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंवर एकतर्फी प्रेम होतं म्हणून ते न लढता आग्र्याला निघून गेले आणि नंतर तिच्या आठवणीत झाशी मागून घेतली. मीही वाचून डोळे पुसत पुढे ढकललं होतं, कबूल. पण सत्तावन्नच्या उठावात, १ जून १८५८ ला महाराज तोफा घेऊन ग्वाल्हेरलगतच्या मुरारजवळ राणी आणि तात्या टोप्यांवर चालूनच गेले होते हो, त्यांचीच फौज समोरच्यांना जाऊन मिळाली, तेव्हा पळावं लागलं. प्रेमात कोणी तोफा डागतं का! मन फितूर झालं ते शिपायांचं, महाराजांचं नाही, ते आणि दिवाण दिनकरराव राजवाडे पहिल्यापासून इंग्रजांकडे. जूनमध्येच राणी लढताना पडली आणि इंग्रज सेनापती ह्यू रोजने महाराजांना परत गादीवर बसवलं. झाशी नंतर शिंद्यांकडे आली हे खरंय, पण ती इंग्रजांनी दिली, आणि १८८६ मध्ये इंग्रजांच्या ताब्यातला ग्वाल्हेरचा किल्ला परत मिळवताना त्याच्या बदल्यात देऊनही टाकली. आठवण अशी किल्ल्यावर बदलतात होय? ग्वाल्हेरच्या फूलबागेतल्या राणीच्या समाधीपाशी परवा एकजण पोराला हीच लव्हस्टोरी रंगवून सांगत होता, पोरगं आपलं पुतळ्यातल्या घोड्याकडे बघत भेळ खात होतं.